उंबरठ्याच्या आतले संशोधन

शैक्षणिक वर्ष संपत आले की महाविद्यालयांचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध होऊ लागतात. त्यांत ‘प्राध्यापकांचे यश’ अशा मथळ्याचे एक प्रकरण हमखास असते. कोणी किती निबंध प्रसिद्ध केले, कोणी किती परिषदांना हजर राहिले, कोणाला पीएच.डी. मिळाली, याची ती यादी असते. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाची नोंद आणि समाजकार्याच्या प्राध्यापिकेची नोंद यांत फरक करावा, असे यादी करणाऱ्याला वाटत नाही. दोघांचेही यश एकाच तागडीत तोलले जाते आणि अहवाल कपाटात जातो.

पण आरोग्य, आहार, समाजकार्य आणि कुटुंबसंस्था हे अभ्यासविषय असे आहेत की, त्यांची प्रयोगशाळा दुसऱ्याच्या घरात असते. संशोधकाला कोणाच्या तरी स्वयंपाकघरात डोकवावे लागते, गरोदर बाईचे वजन घ्यावे लागते, सुनेला सासूदेखत विचारता न येणारे प्रश्न विचारावे लागतात. ज्या घराने आपला दरवाजा उघडला, त्या घराला त्या संशोधनातून पुढे काय मिळाले, हा प्रश्न म्हणूनच या विषयांत अपरिहार्य ठरतो. महाराष्ट्राच्या विद्याक्षेत्राचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देणारी उदाहरणे सापडतात. आजच्या मूल्यमापनाच्या पद्धतीत मात्र ती बसत नाहीत, ही चिंतेची बाब होय.

उष्मांकांचा वाद

आहारापासून सुरुवात करणे सोयीचे होईल. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दारिद्र्य म्हणजे काय, या प्रश्नाला त्यांनी आहाराच्या भाषेत उत्तर दिले. माणसाला रोज सरासरी २२५० उष्मांक मिळतील इतके अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर मिळते, ती दारिद्र्याची रेषा, असे त्यांनी मानले. १९६०-६१ च्या किमतींनुसार ही रेषा ग्रामीण भागात दरडोई दरमहा १५ रुपये आणि शहरी भागात साडेबावीस रुपये येत होती. या दोन आकड्यांनी दारिद्र्याची चर्चा भावनेच्या पातळीवरून हिशेबाच्या पातळीवर आणली. ज्यांना ना जमीन आहे ना भांडवल, त्यांना सार्वजनिक कामांवर रोजगार देणे हाच दारिद्र्य हटविण्याचा मुख्य मार्ग आहे, असे त्यांनी सुचविले. कर्जे वाटून दारिद्र्य हटेल काय, असा रोखठोक प्रश्न प्रा. रथ यांनी १९८५ साली पुन्हा उपस्थित केला, तो याच विचाराला धरून होता.

या आकड्यांना पहिले मोठे आव्हान मिळाले तेही पुण्यातूनच. डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुधचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून दीर्घकाळ काम करून ते पुण्यास परतले होते. भारतीय आहारात प्रथिनांचा मोठा तुटवडा आहे, असा एके काळी जगभर बोलबाला होता. तृणधान्ये व डाळी यांचा आहार पोटभर मिळाला तर प्रथिनांची गरज बहुतांशी त्यातूनच भागते, हे त्यांनी आकडेवारीने दाखवून दिले. पुढे ते याच्याही पलीकडे गेले. निरोगी माणसाची उष्मांकांची गरज रोज सारखी नसते, शरीर काही मर्यादेत स्वतःच जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण उपाशी मानणे चूक होय, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो मान्य केला तर कुपोषितांची संख्या एकदम खाली येत होती. त्यामुळेच प्रा. दांडेकरांनी त्याला कडाडून विरोध केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे एके काळचे संचालक डॉ. सी. गोपालन यांनीही, लहानखुऱ्या शरीराला निरोगी मानून स्वस्थ बसण्याच्या वृत्तीवर टीका केली.

हा वाद कोणी जिंकला, हे येथे महत्त्वाचे नाही. ज्याला आपण उपाशी म्हणतो तो कोण, या प्रश्नावर विद्वान मंडळी जाहीरपणे, नावानिशी, वर्षानुवर्षे भांडली आणि त्या भांडणातून दोन्ही बाजूंचे ज्ञान वाढले. शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांवाचून खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, हा डॉ. सुखात्म्यांचा आग्रह आज कोणीही नाकारीत नाही. उष्मांकांच्या हिशेबाने दारिद्र्य मोजण्याची पद्धतही पुढे अनेक वर्षे शासनाच्या समित्यांनी चालविली. एकमेकांचे दोष काढणाऱ्या या लिखाणाला आजच्या तक्त्यात किती गुण पडले असते, याचा विचार प्रत्येक विद्यापीठाने करून पाहावा.

मातेच्या ताटात काय असते?

उष्मांकांच्या वादात एक व्यक्ती बरीचशी नजरेआड राहिली होती. ती म्हणजे घरातील गरोदर स्त्री. पाहणी घराची होत असे, आणि घरात शिजलेले अन्न घरातल्या माणसांत वाटले गेले असे गृहीत धरले जात असे. कोणाच्या ताटात किती पडले, हे त्यातून कळत नसे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासाने ही उणीव काही अंशी भरून काढली. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव आणि त्यांचे सहकारी यांनी या खेड्यांतील विवाहित स्त्रियांच्या घरी दरमहा जाऊन नोंदी ठेवल्या. गर्भधारणेपूर्वीचे वजन, गरोदरपणातील आहार, अंगमेहनतीची कामे आणि शेवटी जन्मलेल्या बाळाची मापे, असा हा क्रम होता.

त्या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे वजन सरासरी सुमारे ४२ किलो होते आणि बाळांचे सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळे याहून पाऊण किलोहून अधिक वजनदार होती. परंतु मापे बारकाईने पाहता असे आढळले की, पुण्याकडील बाळाचे स्नायू कमी असले तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीयुक्त अशा या बाळाला पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका अधिक असावा, हा विचार २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने जगापुढे ठेवला. मधुमेह हा सुखवस्तू माणसाचा रोग, अशी समजूत असलेल्या समाजाला हा धक्काच होता. अर्धपोटी आईच्या उदरातच त्याचे मूळ रुजत असण्याची शक्यता यातून पुढे आली.

याहूनही घरगुती असा एक निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला होता. मातेच्या आहारातील एकूण उष्मांक व प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. तो दिसला दूध, पालेभाज्या आणि फळे यांच्याशी. शेतातील व घरातील कष्टाची कामे गरोदरपणीही करावी लागणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान असतात, असेही याच अभ्यासातून पुढे आले. म्हणजे पाण्याचा हंडा कोणी आणायचा आणि मेथीची भाजी शेवटी कोणाला उरायची, हे प्रश्न वैद्यकशास्त्राचे झाले. सासूबाईंनी सुनेला ‘दोन जिवांची आहेस, जरा बस’ म्हणावे की नाही, याला आता मोजमापाचा आधार मिळाला.

बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातील गृहविज्ञान विद्याशाखेचा उल्लेखही येथे केला पाहिजे. १९४९ मध्ये हंसाबेन मेहता यांच्या कुलगुरुपदाच्या काळात ती सुरू झाली. गृहविज्ञान म्हणजे मुलींना स्वयंपाक शिकविण्याचा विषय, अशी चेष्टा पुढे अनेक वर्षे होत राहिली. त्याच विद्याशाखेत डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एका साध्या अडचणीवर काम केले. लहान मुलाचे पोट चिमुकले असते. धान्याची पेज घट्ट केली तर ते ती गिळत नाही, आणि पातळ केली तर पोट भरते पण अंगी काही लागत नाही. मोड आणून, वाळवून दळलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ घट्ट पेजेत घातले तर ती पातळ होते, कारण मोड आलेल्या धान्यातील पाचकद्रव्य पिठूळ भागाचे विघटन करते. मुलाला तेवढ्याच वाट्यांत अधिक अन्न मिळते. मोड आलेल्या नाचणीचे सत्त्व करणाऱ्या आपल्याकडील आज्यांना हे अनुभवाने ठाऊक होते. त्यामागील कारण मोजून सिद्ध करणे, त्याचे प्रमाण ठरविणे आणि ते गरीब घरात करता येईल असे पाहणे, हे काम गृहविज्ञानाच्या प्राध्यापिकांनी केले.

नात्यांचे शास्त्र

कुटुंबाच्या अभ्यासाचा उपयोग इतका तत्काळ दिसत नाही. डेक्कन कॉलेजातील डॉ. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांवरील आपला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचा आरोग्याशी काही संबंध असेल असे कोणाला वाटले नसावे. उत्तरेत मुलगी परक्या गावी, अनोळखी घरी दिली जाते. दक्षिणेत ती बहुधा नात्यात, मामाच्या किंवा आत्याच्या घरी जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर आहे, असे त्यांनी भाषा, नात्यांची नावे व चालीरीती तपासून मांडले. यासाठी त्या देशभर हिंडल्या. आपले विचार त्यांनी मराठीतही लिहिले. ‘मराठी लोकांची संस्कृती’ हा त्यांचा ग्रंथ १९५१ चा.

तीस वर्षांनी, १९८३ साली, टिम डायसन आणि मिक मूर या दोन अभ्यासकांनी एक प्रश्न विचारला. उत्तर भारतात बालमृत्यू, आणि विशेषतः मुलींचे मृत्यू, दक्षिणेपेक्षा अधिक का? याचे उत्तर त्यांनी नातेसंबंधांच्या रचनेत शोधले आणि त्यासाठी इरावतीबाईंच्या मांडणीचा आधार घेतला. माहेर तुटलेल्या, सासरी एकट्या पडलेल्या स्त्रीचा शब्द घरात चालत नाही. तिला आजारी मुलीला डॉक्टरकडे नेण्याचेही स्वातंत्र्य नसते. नात्यांचे शास्त्र अशा रीतीने जन्ममृत्यूच्या नोंदवहीपर्यंत पोहोचले. तीस वर्षांनी फळ देणारे हे काम १९५३ सालच्या कोणत्याही तक्त्यात ‘उपयुक्त’ ठरले नसते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

डॉ. म. स. गोरे यांचा १९६८ सालचा अभ्यासही असाच. दिल्ली व तिच्या परिसरातील अगरवाल कुटुंबांची पाहणी करून, शहरवास व शिक्षण यांमुळे एकत्र कुटुंबाचे आदर्श वाटतात तितके ढासळलेले नाहीत, असे त्यांनी दाखविले. शहर आले की कुटुंब मोडते, ही पाश्चात्त्य ग्रंथांवरून उचललेली समजूत त्यामुळे तपासून घ्यावी लागली.

नागपाड्यापासून पोलीस ठाण्यापर्यंत

डॉ. गोरे १९६२ पासून १९८२ पर्यंत ज्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक होते, तिची सुरुवात १९३६ साली मुंबईच्या नागपाडा वस्तीत झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक. वस्तीतच राहून वस्तीचा अभ्यास करायचा आणि अभ्यासातून काम उभे करायचे, ही परंपरा तेथून पुढे चालली. या परंपरेतील दोन उदाहरणे पुरेशी आहेत. घरात मारहाण सोसणारी बाई पोलीस ठाण्यात जायला धजत नाही, आणि गेली तर ‘घरचे भांडण घरीच मिटवा’ असे ऐकून परत येते, हा अनुभव लक्षात घेऊन संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलीस यंत्रणेच्या आवारात बसेल, ही त्यामागची कल्पना. पुढे राज्य शासनाने हे काम स्वीकारले आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेले.

दुसरे उदाहरण १०९८ या क्रमांकाचे. संस्थेत अध्यापन करणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ साली मुंबईत, संकटातील मुलांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. रस्त्यावर राहणाऱ्या, लिहितावाचता न येणाऱ्या मुलाच्याही लक्षात राहावा, असा तो ‘दस-नौ-आठ’ क्रमांक. ही सेवा देशभर पसरली आणि २०२३ मध्ये ती शासकीय यंत्रणेत सामील करण्यात आली. या बदलाविषयी मतभेद असू शकतात. परंतु एका अध्यापिकेच्या क्षेत्रकार्यातून उभी राहिलेली गोष्ट शासनाला स्वतःची म्हणून चालवावीशी वाटावी, याहून मोठे यश समाजकार्याच्या विद्याशाखेला कोणते मिळायचे?

आजची तागडी

या सर्व उदाहरणांत काही गोष्टी समान आहेत. त्यांना वेळ लागला. त्यांत एका विषयाचा माणूस दुसऱ्या विषयाच्या अंगणात गेला. अर्थशास्त्रज्ञ आहाराकडे, वैद्य कष्टांच्या मोजणीकडे, समाजकार्यकर्ती कायद्याकडे. त्यांत प्रत्यक्ष घरी जाणे होते. आणि ज्ञान घेऊन बाहेर पडलेला संशोधक, या ना त्या वाटेने, पुन्हा त्या घराकडे परतला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या कामासाठी गुणांक पद्धती आणली. तिच्यामागील हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. त्यापूर्वी बढत्या ओळखीपाळखीवर होत, ही तक्रार खरी होती, आणि आकड्याला निदान नातेवाईक नसतात. पण निबंधाला गुण आणि गुणांना बढती असे समीकरण होताच निबंधांचा बाजार उभा राहिला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघाली. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पुढे नवी यादी झाली; २०२५ साली तीही बंद करून निर्णय संस्थांवर सोपविण्यात आला. नियम बदलले, तरी मोजण्याची सवय कायम आहे. सहा खेड्यांत वर्षानुवर्षे दरमहा फिरणाऱ्या संशोधकाला पहिली काही वर्षे दाखविण्यासारखे काहीच नसते. त्याच काळात जुळवाजुळव करून सहा निबंध छापणारा पुढे निघून जातो.

यात आणखी एक भर पडली आहे. राज्यातील महाविद्यालयांत अनेक जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर काम भागविले जात आहे. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही याची खात्री नाही, त्याने दहा वर्षांची पाहणी कशी हाती घ्यावी? ज्या विषयांत विश्वास संपादन करण्यासच दोन वर्षे लागतात, त्या विषयांत अध्यापकाची अस्थिरता ही संशोधनाचीच अस्थिरता ठरते.

उपाय अगदीच दुष्प्राप्य नाहीत. या चार विषयांपुरता तरी मूल्यमापनाचा कालखंड पाच ते सात वर्षांचा करता येईल. ज्या गावात वा वस्तीत पाहणी झाली तेथील ग्रामसभेपुढे वा महिला मंडळापुढे तिचा निष्कर्ष मराठीत मांडणे, ही संशोधनाची अट करता येईल, आणि त्या मराठी अहवालाला इंग्रजी निबंधाइतके गुण देता येतील. क्षेत्रकार्य हे अध्यापनाच्या तासांत धरता येईल. तालुक्याच्या महाविद्यालयात शेकडो विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून येतात. अर्थशास्त्र, गृहविज्ञान व समाजशास्त्र यांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन त्यांच्याकरवी दरवर्षी त्याच घरांची आहारपाहणी केली, तर दहा वर्षांत त्या तालुक्याजवळ असा दस्तऐवज तयार होईल की जिल्हा परिषदेलाही त्याची दखल घ्यावी लागेल. त्याला फार पैसा लागणार नाही. टिकून राहणारा अध्यापक मात्र लागेल.

असे काम करण्यास आता उरले तरी काय, असा प्रश्न कोणास पडू शकेल. त्याचे उत्तर मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शेकडा ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली आहे. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ जणींना रक्तक्षय आहे. २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ होते. देशातील संपन्न राज्यांत गणल्या जाणाऱ्या या राज्यात, मधल्या काळात गोळ्या वाटल्या गेल्या, योजना आल्या, निबंधही विपुल छापले गेले. तरीही हा आकडा चढला. त्याचे कारण एकाच कार्यालयात बसून सापडणार नाही. रक्त तपासणारा, ताट पाहणारा, नाती समजणारा आणि बाईला बोलते करणारा, असे चौघे मिळून त्या घरी गेले तरच ते सापडेल. पुढल्या वर्षीच्या वार्षिक अहवालात ‘प्राध्यापकांचे यश’ लिहिताना, असे किती जण कोणत्या घरापर्यंत गेले आणि त्या घराला त्यांनी काय परत दिले, एवढी एक ओळ प्राचार्यांनी घालावी. ती लिहिता आली नाही, तर ती जागा कोरी ठेवावी.